विचार सर्वांचे, मग गाणे कोणाचे? चळवळीतल्या तरुणांसाठी कॉपीराइट कायद्याची ओळख

१४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा किंवा ६ डिसेंबर जवळ आला की युवक मंडळांच्या बैठकीत काही प्रश्न हमखास निघतात. बॅनरसाठी इंटरनेटवरून घेतलेले चित्र चालेल का? बाबासाहेबांची पुस्तिका छापून वाटायची आहे, कोणाची परवानगी घ्यायची? आपल्याच पोरांनी गायलेले भीमगीत यूट्यूबवर टाकले, तर त्यावर कंपनीने दावा कसा काय केला? या प्रश्नांना बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "बाबासाहेब सगळ्यांचे आहेत, बिनधास्त छापा." दुसरा म्हणतो, "कॉपीराइटची भानगड आहे, हात लावू नका." ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पहिल्या उत्तरामुळे आपल्याच लेखक-कलावंतांचे नुकसान होते आणि दुसऱ्यामुळे जे काम करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, तेही आपण सोडून देतो.

आपली चळवळ पुस्तिका, जलसे, गायन पार्ट्या आणि अनियतकालिके यांच्या बळावर गावोगाव पोहोचली. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल ही आपली ओळख आहे. विचार लोकांपर्यंत पोहोचला पाहिजे, ही चळवळीची पहिली गरज. जो लिहितो, गातो, चाल बांधतो त्याचे नाव राहिले पाहिजे आणि त्याच्या घरात दोन पैसे गेले पाहिजेत, ही दुसरी गरज. कॉपीराइट कायद्यात या दोन्ही गरजांना जागा आहे. ती कुठे आहे ते समजून घेऊ.

कायदा कशाचे रक्षण करतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ लागू आहे. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला आणि २०१२ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. मराठीत याला प्रताधिकार किंवा स्वामित्व हक्क म्हणतात. लेख, कविता, पुस्तक, नाटक, संगीत, चित्र, छायाचित्र, शिल्प, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना या कायद्याचे संरक्षण मिळते. कृतीची प्रत काढणे, ती प्रकाशित करणे, लोकांसमोर सादर करणे, तिचा अनुवाद किंवा रूपांतर करणे हे सगळे हक्क तिच्या मालकाकडे असतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की कायदा विचाराचे रक्षण करत नाही, विचार ज्या रूपात मांडला त्या रूपाचे करतो. 'हम हिंदुस्थानी' या नाटकाच्या लेखकाने 'न्यू दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध दावा केला होता. दोन्हींचा विषय प्रांतवाद आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या तरुण-तरुणीचे प्रेम हा होता. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय, कथाबीज किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही कॉपीराइट नसतो. मांडणी हुबेहूब उचलली असेल तरच तक्रार करता येते.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, ही तथ्ये आहेत. त्यांवर कोणाची मालकी नाही. प्रतीत्यसमुत्पाद, समता, जातिअंत या विचारांवरही नाही. 'जय भीम' या अभिवादनावर कोणी कॉपीराइट सांगू लागला, तर त्याला कायद्याचा आधार नाही. मात्र महाडच्या सत्याग्रहावर एखाद्या अभ्यासकाने लिहिलेले प्रकरण हे त्याच्या कष्टाचे फळ आहे. त्यातली माहिती आपल्या शब्दांत सांगा, परिच्छेदच्या परिच्छेद उचलून आपल्या नावावर खपवू नका.

दुसरी गोष्ट, कॉपीराइट आपोआप मिळतो. कविता वहीत लिहिली किंवा चाल मोबाइलवर रेकॉर्ड केली की त्या क्षणापासून हक्क सुरू होतो. नोंदणीची सक्ती नाही. तरीही वाद झाला तर नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो आणि २०१३ च्या नियमांनुसार साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये ठेवले आहे.

बाबासाहेबांचे लेखन आज कोणाचे?

साहित्यकृतीवरचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ही ६० वर्षे निधनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याची मुदत १९९१ च्या अखेरीस संपत आली, तेव्हा ती १० वर्षांनी वाढवण्यात आली.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', 'हू वेअर द शूद्राज?', 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मधले त्यांचे लेख आज कोणीही छापू शकतो, विकू शकतो, त्यांचा अनुवाद करू शकतो. परवानगीही लागत नाही आणि मानधनही द्यावे लागत नाही.

पण लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या कृतीला वेगळा नियम आहे. कलम २४ नुसार तिची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यामुळे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१७ रोजी संपली आणि मूळ ग्रंथ आज खुला आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम' मात्र महाराष्ट्र शासनाच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' मालिकेच्या चौथ्या खंडात १९८७ साली प्रसिद्ध झाले. या नियमाने त्याची मुदत २०४७ च्या अखेरपर्यंत जाते. बाबासाहेबांच्या हस्तलिखितांतून नंतर बाहेर आलेल्या इतर लेखनालाही हाच हिशेब लागू होतो. असे पुस्तक पूर्ण छापायचे असेल, तर आधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. त्यातले उतारे देऊन चर्चा करायला मात्र अडचण नाही.

आणखी एक बारकावा. मूळ मजकूर खुला झाला म्हणजे त्याची प्रत्येक आवृत्ती खुली झाली असे नाही. संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठावरचे चित्र आणि अनुवाद यांचे हक्क स्वतंत्र असतात. २०१४ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ची टिपांसह आवृत्ती आली, तिला अरुंधती रॉय यांची दीर्घ प्रस्तावना आहे. त्या आवृत्तीतले बाबासाहेबांचे शब्द खुले आहेत, प्रस्तावना आणि टिपा नाहीत. म्हणून पुस्तिका काढताना बाजारातल्या कुठल्याही पुस्तकाची पाने झेरॉक्स करून छापखान्यात देऊ नका. मूळ मजकूर घ्या आणि नव्याने अक्षरजुळणी करा.

आपल्या परंपरेतल्या आणखी काही नावांचा हिशेब असा होतो:

- महात्मा जोतीराव फुले (निधन १८९०) आणि सावित्रीबाई फुले (१८९७): सर्व मूळ लेखन खुले.
- धर्मानंद कोसंबी (१९४७): हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २००८ पासून खुले.
- अण्णा भाऊ साठे (१९६९): २०२९ च्या अखेरपर्यंत संरक्षित.
- वामनदादा कर्डक (२००४): २०६४ च्या अखेरपर्यंत संरक्षित.
- नामदेव ढसाळ (२०१४): २०७४ च्या अखेरपर्यंत संरक्षित.

पाली गाथा, अनुवाद आणि वंदनेची सीडी

त्रिशरण, पंचशील, धम्मपदाच्या गाथा आणि त्रिपिटकातील सुत्ते शेकडो वर्षांपासून समाजाच्या मुखी आहेत. मूळ पाली शब्दांवर कोणाचाही हक्क नाही. विहाराने वंदनेची पुस्तिका काढली तर कोणाला विचारायची गरज नाही.

अनुवादाचे तसे नाही. अनुवाद ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती आहे आणि अनुवादकाच्या हयातीपासून त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत ती त्याची असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चा हिंदी अनुवाद भदंत आनंद कौसल्यायन यांनी केला. त्यांचे निधन १९८८ साली झाले. म्हणजे मूळ इंग्रजी ग्रंथ खुला असला, तरी त्या हिंदी अनुवादाची मुदत २०४८ च्या अखेरपर्यंत आहे. मराठी अनुवादाचाही असाच स्वतंत्र विचार करावा लागतो. सरळ मार्ग हवा असेल तर मूळ ग्रंथावरून नवा अनुवाद करावा. चांगले इंग्रजी आणि मराठी जाणणाऱ्या तरुणांच्या गटाने हे काम मनावर घेण्यासारखे आहे.

ध्वनिमुद्रणाचा हक्कही वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. एखाद्या कंपनीने काढलेली बुद्धवंदना तुम्ही व्हिडिओच्या मागे लावली, तर गाथा सर्वांच्या असूनही त्या मुद्रणावर कंपनीचा दावा येऊ शकतो. तीच वंदना विहारात उपासक-उपासिकांच्या आवाजात रेकॉर्ड करा, तुमच्या मुद्रणावर कोणाला हक्क सांगता येणार नाही. तुम्ही स्वतः गायलात तरी यंत्रणा कधी कधी चुकीचा दावा लावते. त्यावर हरकत घ्यायची, घाबरून व्हिडिओ काढून टाकायचा नाही.

परवानगी न घेता काय काय करता येते?

कलम ५२ मध्ये अपवादांची मोठी यादी आहे. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ती माहीत करून घ्यावी. आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा:

१. खासगी वापर, अभ्यास आणि संशोधन यांसाठी, कृतीवर टीका किंवा समीक्षा करण्यासाठी आणि चालू घडामोडींची बातमी देण्यासाठी योग्य प्रमाणात वापर. सार्वजनिक भाषणाचे वृत्त देणेही यात येते. एखाद्या पुस्तकात आपल्या समाजाविषयी विकृत लिहिले असेल, तर त्यातले उतारे देऊन त्याचा समाचार घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.

२. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेला वापर. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर २०१२ साली मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता. अभ्यासक्रमाला नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून तिथे संच विकले जात. विद्यार्थी आणि शिक्षकही न्यायालयात उभे राहिले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांचा दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, ज्ञानाची वाढ व्हावी म्हणून तो दिला जातो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणासाठी लागेल तेवढा वापर मान्य केला आणि पुढे प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडी पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी हा निकाल मोलाचा आहे.

३. कायदे, राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयाचे निकाल छापणे. यासंबंधी एक भेद लक्षात ठेवा. 'ईस्टर्न बुक कंपनी' खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निकालाचा मूळ मजकूर खुला असतो, पण खासगी प्रकाशकाने स्वतःची बुद्धी वापरून त्यात घातलेली भर त्याची असते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यावर पुस्तिका काढताना निकालाचा मूळ मजकूर न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

४. हौशी मंडळाने किंवा कलापथकाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर नाटक, कविता, गाणे सादर करणे, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असा कार्यक्रम करणे. याशिवाय खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नसमारंभात गाणे वाजवायलाही कायद्यात सवलत आहे. ही सवलत नेमकी कुठपर्यंत जाते यावर वाद होत राहिले आहेत. तिकीट लावून केलेला संगीत कार्यक्रम मात्र तिच्यात बसत नाही.

५. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्याचे किंवा वास्तूचे छायाचित्र अथवा चित्र काढणे. चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याचा तुम्ही काढलेला फोटो बॅनरवर निःशंक वापरा. तोच फोटो दुसऱ्या छायाचित्रकाराने काढलेला असेल, तर त्याला विचारा.

६. सार्वजनिक, विनानफा ग्रंथालयाला भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती स्वतःसाठी करता येतात. स्वतःकडे असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रतही ठेवता येते. कितीतरी विहारांच्या कपाटांत जुनी दुर्मीळ पुस्तके वाळवी खाऊन चालली आहेत. त्यांच्यासाठी हा अपवाद वापरायलाच हवा.

७. अंध आणि इतर दिव्यांग व्यक्तींना वाचता यावे म्हणून पुस्तक ऑडिओ, ब्रेल वगैरे रूपात करून देणे.

चार गैरसमज

"खाली लेखकाचे नाव टाकले की झाले." नाव देणे आवश्यकच आहे, पण नाव देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे.

"आम्ही पैसे कमवत नाही." विनानफा वापर ही जमेची बाजू असते, तरी तेवढ्याने पूर्ण पुस्तकाची पीडीएफ शंभर ग्रुपवर टाकण्याचा हक्क मिळत नाही. आपल्या छोट्या प्रकाशकांची आवृत्ती अनेकदा हजार-पाचशे प्रतींची असते. चैत्यभूमीवर स्टॉल लावून जो प्रकाशक रात्रभर जागतो, त्याच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणे म्हणजे पुढचे पुस्तक निघू न देणे होय.

"तीस सेकंदांपर्यंत गाणे चालते." असा कोणताही आकडा आपल्या कायद्यात नाही. किती भाग घेतला आणि कशासाठी घेतला, हे पाहिले जाते.

"इंटरनेटवर आहे म्हणजे फुकट आहे." सर्च करून मिळालेले चित्रही कोणा चित्रकाराने काढलेलेच असते. जयंतीच्या बॅनरसाठी वस्तीतल्याच एखाद्या पोराकडून चित्र काढून घ्या आणि त्याचे नाव कोपऱ्यात टाका.

भीमगीताचे मालक किती?

एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गायकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आणि मुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. गायकाचा हा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षे टिकतो.

आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधण्याची जुनी रीत आहे. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेतली की विचार लवकर पोहोचतो, हे आपल्या गायकांनी ओळखले होते. अशा गाण्याचे नवे शब्द कवीचे असतात, चाल मात्र मूळ संगीतकाराची किंवा त्याच्याकडून हक्क घेणाऱ्या कंपनीची राहते. विहारापुढच्या विनामूल्य कार्यक्रमात ते गायला अडचण येऊ नये, कारण वरचा चौथा अपवाद आहे. तेच गाणे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकले की दावा येतो तो याच कारणाने. पोवाडा, ओवी, पारंपरिक लोकगीत यांच्या जुन्या चाली कोणा एकाच्या नाहीत. त्या घ्या, किंवा स्वतःची चाल बांधा.

आता यातला सामाजिक भाग पाहू. हा कायदा कागद ओळखतो आणि आपले बहुतेक शाहीर तोंडी परंपरेतून आले. गाणी वहीत, पाठांतरात आणि रात्रीच्या मैफलीत जन्मली. कॅसेटच्या काळात एकरकमी थोडे पैसे घेऊन हक्क लिहून देण्याची पद्धत होती. करारात काय लिहिले आहे हे समजावून सांगणारे कोणी सोबत नसायचे. गाणे गाजत राहिले, कवीच्या घरी काही आले नाही. आज तर अनेक व्हिडिओंखाली हयात कवीच्या गाण्यापुढेही 'गीत: पारंपरिक' असे लिहिलेले दिसते. ज्या चळवळीने माणसाला नाव मिळवून दिले, तिच्याच कवीचे नाव असे पुसले जाणे आपण खपवून घेता कामा नये.

यावर उपाय कायद्यातच आहेत. हक्क हस्तांतरणाचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मोठा आधार दिला. कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. ध्वनिमुद्रणातल्या आपल्या गीताच्या आणि संगीताच्या मानधनातला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, तशी अट कोणी करारात घातली तरी ती टिकत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची नोंदणीकृत संस्था आहे. तिचे सभासद झाले की गाण्याच्या वापरापोटी गोळा होणाऱ्या रकमेतला वाटा मिळवता येतो.

म्हणून सही करण्याआधी सात गोष्टी पाहा: कोणते गाणे, कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या माध्यमांसाठी, किती रक्कम व किती टक्के मानधन आणि नाव कसे छापणार. "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली तर सही थांबवा आणि कोणाला तरी दाखवा. कराराची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

हाच न्याय वक्त्यालाही लागू आहे. सार्वजनिक भाषणाचा कॉपीराइट ते देणाऱ्याचा असतो. प्रबोधनाच्या सभेची बातमी देणे ठीक, पण वक्त्याचे पूर्ण भाषण चॅनेलवर टाकून त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवायचे असतील, तर आधी त्यांना विचारा.

नाव आणि शब्द

पैशाच्या हक्काखेरीज लेखकाला आणखी दोन हक्क आहेत. ते कलम ५७ मध्ये आहेत: कृतीवर आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा. कॉपीराइट विकून टाकला तरी हे दोन हक्क लेखकाकडेच राहतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकले आणि त्याचे नुकसान झाले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

या हक्काचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषणातला काही मजकूर गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी एका स्वल्पविरामाचाही फेरफार मान्य केला नाही. परिषद झाली नाही, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि इंग्रजीतल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. ज्यांनी आपल्या शब्दांसाठी सभा सोडली, त्यांचे शब्द कापून, जोडून, न बोललेली वाक्ये त्यांच्या फोटोखाली टाकून आपण रोज फॉरवर्ड करतो. मुदत संपली म्हणजे मजकूर छापायला खुला झाला, बदलायला नव्हे. बाबासाहेबांचे वचन टाकताना ग्रंथाचे नाव आणि खंड-पान लिहिण्याची सवय लावून घेऊ या.

स्ट्राइक आला किंवा कोणी आपले उचलले तर

यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक हे वेगळे असतात. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे समोरच्याकडे वळतात, चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक गंभीर असतो, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकते. तुमचा वापर कलम ५२ मध्ये बसत असेल, तर मुदतीत कारण देऊन हरकत नोंदवा. टीकेचे व्हिडिओ बंद पाडण्यासाठीही खोट्या तक्रारी होतात, तिथे गप्प बसू नका.

उलट कोणी तुमचे गाणे किंवा लेख उचलला, तर आधी स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख जपून ठेवा. मग त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार करा. नियमानुसार त्यांनी ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही, तर ते तो पुन्हा खुला करू शकतात. लेखकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयात दावा लावण्याची सोय आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी हे प्रकरण हलक्यात घेऊ नका.

मंडळाने करायची तीन कामे

पहिले, आपल्या तालुक्यातल्या हयात कवी, शाहीर, गायकांकडे जा. त्यांच्या वह्यांचे फोटो काढा, कोणते गाणे कधी लिहिले, कोणत्या कंपनीला दिले, करार आहे का, याची नोंद करा. जे गेले, त्यांच्या वारसांना मुदत कधीपर्यंत आहे ते सांगा.

दुसरे, खुले झालेले साहित्य मोठ्या प्रमाणावर छापा. फुले, कोसंबी, बाबासाहेबांचे हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे मूळ इंग्रजी. शुद्ध मजकूर, कमी किंमत आणि मूळ आवृत्तीचा उल्लेख एवढे पाळले तरी पुरे.

तिसरे, हयात लेखकांची पुस्तके विकत घ्या आणि वाढदिवसाला, परित्राणपाठाला, लग्नाला भेट द्या. पीडीएफ मागणाऱ्याला प्रकाशकाचा पत्ता द्या.

पुढच्या बैठकीत वर्गणी आणि डीजेचा विषय निघेल, तेव्हा अर्धा तास या विषयालाही द्या. वस्तीतल्या एखाद्या वकील मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवा आणि आपल्या गायकांचे जुने करार त्यांच्यासमोर ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!